गिअरच्या मुठीवरचं बटण

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं बंदरावरून टाकलेलं कार्ड पोचलं. जहाजावर फोन लावला की अर्धा वेळ "ऐकू येतंय का" विचारण्यातच जातो. शिवाय मला जे सांगायचंय ते बाबा शेजारच्या खोलीत असताना मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

बाबांचं काहीतरी चाललंय. काय ते मला कळत नाही, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ती गाडी. मागच्या सुट्टीत तू तिचं पोट उघडून आत काहीबाही बसवलंस आणि निघून गेलास. तेव्हा बाबा काय म्हणाले होते ते तुला आठवत असेलच: "चांगल्या गाडीची वाट लावली." उभा जन्म वाहनपरवान्याच्या परीक्षा घेण्यात गेलेला माणूस. सिग्नल न देता वळणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलं नाही, म्हणून तर सगळं गाव मागे 'नापासमास्तर' म्हणायचं. त्यांच्या लेखी तुझी गाडी म्हणजे चार चाकांवरचा गुन्हा. आणि आता हेच बाबा जेवण झालं की गॅरेजमध्ये शिरतात, आतून कडी लावतात, ते उन्हं कलेपर्यंत बाहेर येत नाहीत.

एकटे नसतात. एक बाई येते. साठीला टेकलेली, हातात काठी, पाय ओढत चालते. गाडी आपल्या दारात लावत नाही, कोपऱ्यावर लावते. का? दारात जागा काय थोडी आहे? तिच्या नखांत काळं ग्रीस असतं. मी दार उघडलं तर "आहेत का?" एवढंच विचारते आणि सरळ गॅरेजकडे वळते, जणू घर तिचंच आहे.

मी बाबांना सरळ विचारलं. म्हणाले, "गाडीवरची धूळ झटकतोय." धूळ झटकायला वेल्डिंगचा चष्मा लागतो का रे?

आई गेल्यापासून ते एकटे आहेत हे मला कळतं. पण एकट्या माणसाच्या घरात कुणी कशासाठी शिरतं, हेही या वयात मला कळतं.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू घराची काळजी करतेयस, मला वेगळीच शंका येतेय.

त्या गाडीत मी काय काय बसवलंय ते बाबांना माहीत नाही, पण जाणकार माणसाला बॉनेट उघडल्याबरोबर कळेल. मूळचा एक कार्ब्युरेटर काढून मी दोन मोठे बसवले आहेत. म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा दुप्पट मिळते. आतला कॅमशाफ्टही बदललाय, झडपा जास्त वेळ उघड्या राहाव्यात म्हणून. हे भाग आता बनत नाहीत. ते शोधायला माझ्या तीन सुट्ट्या गेल्या. हौशी लोक असल्या भागांसाठी काय वाटेल ते करतात, आणि एकट्या म्हाताऱ्याला गोड बोलून गॅरेजात शिरणं तर अगदीच सोपं.

तू एक कर. बाबा बाहेर गेले की आत जा, बॉनेट उघड आणि जे दिसेल त्याचं चित्र काढून पाठव. नावं माहीत नसली तरी चालेल. तू दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, दाताचा कोन केसभर चुकला तर तुला दिसतो. तुझं चित्र मला फोटोपेक्षा जास्त सांगेल.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्या बाईला तर मुळीच नको.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

बाबा डॉक्टरकडे गेले होते तेव्हा आत गेले. हल्ली डॉक्टरकडे फार जातात. विचारलं की "रक्तातली साखर" म्हणून विषय बंद. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. स्वतःच्या बापाच्या खिशात हात घालताना मला कसंसंच झालं, पण घातला.

चित्रं सोबत आहेत. पहिलं बॉनेटखालचं. तुझे दोन कार्ब्युरेटर नाहीत. त्यांच्या जागी एकच लहानसा आहे, उकडलेल्या बटाट्याएवढा. दुसऱ्या चित्रात बघ, एका कोपऱ्यात काळा रंग दिलेला डबा पक्का बसवलाय. त्या डब्यातून एक बारीक नळी निघून इंजिनात जाते, अगदी त्या कार्ब्युरेटरच्या बुडाशी. तिसऱ्या चित्रात गिअरची दांडी. तिच्या मुठीवर लाल बटण बसवलंय आणि वायर खाली गेलीय. चौथ्यात स्टिअरिंगच्या बाजूला एक लांब दांडा, काळ्या मुठीचा. तो खाली कशालाच जोडलेला नव्हता, नुसता लोंबत होता.

मागल्या आठवड्यात ती बाई एक जड खोकं घेऊन गेली. तेलकट कागदात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते उचलून बाबा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. ते परत आल्यावर मी खिडकीतून सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाले, "भंगार." तुझे कार्ब्युरेटर त्यात होते, मी पैजेवर सांगते.

आणि सगळ्यात वाईट ऐक. काल मी कपडे वाळत घालत होते. गॅरेजची खिडकी वरून थोडी उघडी होती. बाबांचा आवाज आला: "मुलांना कळता कामा नये. पुढच्या महिनाअखेरीला गाडी बाहेर काढू, एकदा झालं की मग बघू." त्यावर ती हसली.

एकदा काय झालं की? मला सांग.

ताई


८ एप्रिल

ताई,

चित्रं बघितली. बरं झालं तू पाठवलीस, आणि वाईट वाटलं की बघावी लागली.

काळा डबा, त्यातून इंजिनात जाणारी नळी आणि गिअरच्या मुठीवर बटण. हा नायट्रस आहे. वायू असतो तो. डब्यात दाबून भरतात. ऐन वेगात बटण दाबलं की तो इंजिनात शिरतो आणि गाडी काही क्षण पिसाळल्यासारखी सुटते. जुन्या इंजिनाला तो झेपत नाही. पिस्टन फुटतात. घरच्या घरी बसवलेला तर साक्षात बॉम्ब. आणि तो लांब दांडा म्हणजे हातब्रेक. तो ओढून वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवतात. रिकाम्या रस्त्यांवर पोरं शर्यती लावतात, त्यांच्या गाड्यांत असतो.

म्हणजे ही बाई माझे चांगले भाग घेऊन गेली आणि त्या बदल्यात त्याच गाडीत हा खेळ बसवून दिला. गाडी कागदावर माझी, पत्ता घरचा आहे. तिच्यानं काही बरंवाईट झालं तर पोलीस आपल्या दारात येतील. चालवणारं कुणी वेगळंच असेल. बाबा तर चाळीसच्या वर कधी गेले नाहीत.

आता नीट वाच. बॉनेट उघडलंस की एक काळी टोपी दिसेल, तिच्यातून जाड वायरी निघतात. दोन क्लिपा काढ, टोपी उचल. खाली अंगठ्याएवढा एक तुकडा असेल, त्याला रोटर म्हणतात. तो वर ओढ, निघेल. टोपी परत लाव. रोटर नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी जागची हलत नाही. मोडत काही नाही, धोकाही काही नाही. महिनाअखेरीच्या आधी काढ आणि जवळ ठेव. पुढचं मी सुट्टीवर आल्यावर बघतो.

धाकटा


४ मे

धाकट्या,

तू सांगितलंस तसं केलं. आता काय झालं ते वाच, आणि मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस.

त्या सकाळी बाबांनी ऑफिसचा शर्ट घातला होता. कडक इस्त्रीचा. निवृत्त झाल्यापासून मी तो त्यांच्या अंगावर बघितला नव्हता. बूट पुसले. केस ओले करून बसवले. ती बाईही आली होती, आणि त्या दिवशी तिची गाडी पहिल्यांदा आपल्या दारात लागली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तो तुकडा.

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली. मग ते उतरले, बॉनेट उघडलं, टोपी काढली आणि तसेच वाकून उभे राहिले. बराच वेळ.  मग त्यांनी बॉनेट इतकं हळू मिटलं की मला आवाजही आला नाही. घरात आले, शर्ट काढून खुंटीला लावला. जेवले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई माझ्या प्रयोगशाळेत आली. मी एका वरच्या कवळीला पॉलिश करत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली,

"रोटर ज्यानं काढला त्याला गाडी कळते. तुम्हाला कळत नाही. म्हणजे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय."

मी म्हटलं, "तुमचं आमच्या घरात काय काम आहे ते आधी सांगा."

"तुमच्या वडलांचे पाय गेलेत," ती म्हणाली.

मला वाटलं ती काहीतरी लागट बोलतेय. मग तिनं नीट सांगितलं. साखरेनं बाबांच्या दोन्ही पायांच्या नसा गेल्या आहेत. चालता येतं, पण तळव्याखाली काय आहे ते कळत नाही. ब्रेकवर पाय आहे की ॲक्सिलरेटरवर, हे त्यांना खाली वाकून बघावं लागतं. डॉक्टरांनी पायानं गाडी चालवायला बंदी केली. हे आपल्याला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

या बाईचा एक पाय तरुणपणीच अपघातात निकामी झाला. ती तेव्हापासून हातानं गाडी चालवते, आणि दुसऱ्यांच्या गाड्याही तशा करून देते. तिच्या गाडीतला तसाच दांडा मला दिसू नये म्हणून ती कोपऱ्यावर लावायची. धातू कातायचा तिचा स्वतःचा लेथ आहे. तो लांब दांडा पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. तो काळा डबा रिकामा आहे, धाकट्या. त्यात कसलाही वायू नाही. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं डब्यात व्हॅक्यूम तयार होतो, आणि मुठीवरचं बटण दाबलं की त्याच्या जोरावर क्लच आपोआप दाबला जातो. तुझा कॅमशाफ्ट आणि ते दोन कार्ब्युरेटर असताना गाडी नुसती उभी असली की ही ओढ पुरेशी तयार होत नव्हती. म्हणून सगळं मूळचं परत बसवावं लागलं. तुझे भाग तिच्या घरी कपाटात आहेत, तेलकट कागदात. आपल्या गॅरेजात ओल आहे म्हणून बाबांनीच तिला न्यायला सांगितले.

त्या सकाळी बाबांची परीक्षा होती. हातानं चालवण्याच्या परवान्याची. परीक्षक म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. तो मैदानावर वाट बघत बसला, आणि नापासमास्तर आलेच नाहीत.

मी घरी आले आणि तो तुकडा त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.  त्यांनी तो उचलला, फुंकून साफ केला. मग म्हणाले, "तू आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नाहीस. आणि गेले काही महिने जाडजूड पाकिटं टाकतेस. मी आलो की कागद झाकतेस. मला वाटलं, मला कुठल्या आश्रमात ठेवायचं त्याचं तुम्हा दोघांचं चाललंय. म्हणून कडी लावत होतो."

मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते, आणि ते माझ्यावर. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवून.

ताई


२७ मे

ताई,

तुझं पत्र वाचून मी इंजिनरूममध्ये जाऊन बसलो. तिथे आवाजात कुणी काही विचारत नाही.

व्हॅक्यूमचं डोक्यात यायला हवं होतं. नळी कार्ब्युरेटरच्या बुडाशी जाते हे तू स्पष्ट काढलं होतंस. मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं.

पण मला अजून पटत नाही. हे सगळं त्या बाईनं सांगितलंय. तू डॉक्टरशी बोललीस का? बाबा खरंच चालवू शकतात का, की ती त्यांच्या हट्टाला खतपाणी घालतेय? सत्तरी ओलांडलेला माणूस. चाळीस-पन्नास वर्षांची पायांची सवय. ऐन प्रसंगी पाय आपोआप पुढे जाईल आणि त्यांना कळणारही नाही. परवाना मिळाला म्हणजे गाडी सुरक्षित झाली असं होत नाही, हे बाबांनीच आपल्याला शंभरदा ऐकवलंय.

तू एकदा शेजारी बस. उतारावर ब्रेक कसा लागतो बघ. चढावर थांबवून पुन्हा निघायला सांग. तुला भीती वाटली तर मला कळव. गाडी माझी आहे, मी नाही म्हणू शकतो.

धाकटा


१९ जून

धाकट्या,

"गाडी माझी आहे" हे वाक्य मी बाबांना दाखवलं नाही. तूही ते पुन्हा लिहू नकोस.

डॉक्टरशी बोलले. बाई बोलली ते सगळं खरं आहे. एक गोष्ट तिनं सांगितली नव्हती, ती डॉक्टरांनी सांगितली: बाबा तिच्याकडे स्वतःहून गेले. आपल्याला न सांगता, बसनं, पत्ता विचारत विचारत.

मग मी शेजारी बसले. पहिल्यांदा दाराचं हँडल सोडलं नाही. बाबांनी बूट काढून मागे ठेवले आणि दोन्ही पाय सीटच्या बुडाशी एका पट्ट्यात अडकवले. पाय पुढे जाईल ही तुझी भीती त्यांनाही होती. पट्टा त्यांची स्वतःची कल्पना. उतारावर गाडी लोण्यासारखी थांबली. दांड्याची मूठ मात्र त्यांच्या हातातून सटकत होती, घामानं. मी त्यांच्या तळव्याचा मेणात ठसा घेतला आणि कवळीच्या गुलाबी मसाल्यात मूठ ओतून दिली. आता ती त्यांच्या बोटांत बसते. दिसते मात्र हिरडीसारखी. बाई म्हणते, गाडीला दात फुटायचेच बाकी आहेत.

परीक्षेची दुसरी तारीख मिळाली. आम्ही दोघी मैदानाच्या कडेला उभ्या होतो. सगळं नीट झालं. शेवटी चढावर थांबून निघायचं होतं. परीक्षकानं त्यांना तीन-चार वेळा थांबवलं, निघायला लावलं. शेवटच्या वेळी क्लच पुरता दाबला गेला नाही, इंजिन बंद पडलं आणि गाडी हातभर मागे आली. परीक्षकानं पेन उघडलं नाही. बाबाच म्हणाले, "नापास लिही." तो म्हणाला, "सर, परत एकदा घेऊ या का?" बाबा म्हणाले, "मी तुला हे शिकवलं होतं का?" त्यानं नापास लिहिलं.

मला वाटलं, झालं, आता हा माणूस घरी येऊन पडून राहणार. तर त्यांनी कपडेही बदलले नाहीत, थेट गॅरेज. या वेळी कडी नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यावर डब्यातली ओढ संपते, हे त्यांनी आणि बाईनं मिळून शोधलं. शेजारी आणखी एक डबा जोडला, आणि नळीत एकतर्फी झडप घातली, साठलेली ओढ परत इंजिनात जाऊ नये म्हणून. परीक्षेची तिसरी तारीख मिळाली तेव्हा ते त्याच चढावर थांबले आणि निघाले, थांबले आणि निघाले. परीक्षक कंटाळला तेव्हा बाबा म्हणाले, "अजून एकदा."

परवाना मिळाला.

तुला खोटं कशाला सांगू, अजूनही सकाळी ते उठायच्या आधी मी जाऊन बॉनेट उघडून बघते. काय बघते ते मलाच माहीत नाही. संशयाची सवय लागली की लवकर सुटत नाही.

ताई


२ जुलै

चिरंजीव,

तुझी ताई म्हणते की तुला माझ्याबद्दल काही विचारायचं असलं की तू तिला विचारतोस. यापुढे मला विचार.

गाडी चांगली चालते आहे. घाटाच्या खालच्या वळणापर्यंत मी रोज जाऊन येतो. मात्र चढावर दम लागल्यासारखी करते. तुझे दोन कार्ब्युरेटर काढायच्या आधी तुझी ताई कामावर असताना बाईंनी दांडा आणि डबा तात्पुरता जोडून, मला शेजारी बसवून एकदा त्या चढावरून नेलं होतं. तुझं काम खरोखर कसं आहे ते बघू म्हणाल्या. तेव्हा गाडीत जो जोर होता तो मी विसरलेलो नाही. तुझ्या त्या कामाला मी नावं ठेवली होती. बघितलं नव्हतं तोवर ठेवली.

माझा प्रश्न असा आहे. ते दोन कार्ब्युरेटर परत बसवून हा क्लच चालेल का? बाई म्हणतात, कठीण आहे. तुझं मत कळव. घाई नाही.

दुसरं. तू कोणत्या बंदरावर उतरणार आहेस ते कळलं. तिथवरचा रस्ता मी नकाशात बघितला आहे. न्यायला मी येईन. तुझी हरकत असेल तर तीही कळव, मला राग येणार नाही.

बाबा


२१ जुलै

बाबा,

चालेल.

अडचण कार्ब्युरेटरची नव्हती, कॅमशाफ्टची होती. तो झडपा फार वेळ उघड्या ठेवतो, त्यामुळे गाडी उभी असताना ओढ कमी पडते. मूळचा कॅमशाफ्ट राहू दे. दोन्ही कार्ब्युरेटर बसवा, पण नळी एकाच्याच बुडाशी नको. दोन्हींच्या बुडातून एकेक नळी काढून पुढे एकत्र करा, मग तुमच्या झडपेतून डब्यांत न्या. पेट्रोल सोडणारे जेट मात्र मी घातलेत त्याहून लहान लागतील, नाहीतर हातानं दांडा जरा ओढला की गाडी उडी मारेल. मी वेगाकडे बघून जुळवले होते, तुमच्या हाताकडे बघून नव्हे. ते काम बाईंनी आणि तुम्ही सुरू करा. शेवटचं जुळवणं माझ्यासाठी ठेवा, इंजिन चालू असताना कानानं ऐकून करायचं असतं. तिघांनी मिळून ऐकू.

तुमचे पाय गेलेत हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, आणि आम्हाला शंका आली ती आम्ही तुम्हाला विचारली नाही. यावर समोरासमोर बोलू. पत्रात मला जमत नाही.

जहाज सकाळी लागेल. बंदराच्या मोठ्या फाटकाबाहेर, वजनकाट्याच्या पुढे गाडी थांबवायला जागा आहे. मी तिथे सामान घेऊन उभा राहीन. परतीचा रस्ता लांब आहे. मध्ये दोन मोठे चढ आहेत, आणि त्यांच्यापुढे उतार. ताईनं तुम्हाला सांगितलं असेल की मी किती घाबरट आहे. थोडा घाबरेन. पण स्टिअरिंग मागणार नाही.

धाकटा